मुळाचं टोक

कांदा चिरताना रडणारी माणसं पुष्कळ असतात. आवडीला मात्र कांद्याने न चिरताच रडकुंडीला आणलं होतं.

आवडी कर्जतच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या ठाकरवाडीतून ती रोज यायची. पायवाटेने खाली उतरायचं, नाक्यावर जीप धरायची, ती भरेस्तोवर ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि मग कर्जत. वाडीत विज्ञान घेणारी ती पहिलीच. त्यामुळे बकरी आजारी पडली तरी आवडीला विचारा, कुणाचा मोबाइल बंद पडला तरी आवडीला विचारा, असा प्रकार होता. तिला ते आवडायचंही. येत असो नसो, ती उत्तर ठोकून द्यायची.

पण एका प्रश्नाचं उत्तर तिला कुणाला ठोकून द्यायचं नव्हतं. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्याला कारण अजेय सर. हे तिच्या वर्गाचे जीवशास्त्राचे शिक्षक. वयाने तरुण, आवाज असा की ते पेशीवर बोलायला लागले की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर मुकाट्याने उठून दार लावून घेत. जूनच्या शेवटी त्यांनी पेशीविभाजन शिकवायला घेतलं.

"तुम्ही इथे जांभया देताय तेवढ्यात तुमच्या अंगातल्या कितीतरी पेशी एकीच्या दोन झाल्या!" फळ्यावर खडू आपटत ते म्हणाले. "पण दोन व्हायच्या आधी पेशी काय करते? केंद्रकात डीएनएचा लांबच लांब धागा असतो, त्याची हुबेहूब दुसरी प्रत काढते. मग तो धागा गुंडाळून गुंडाळून त्याची आखूड, जाड गुणसूत्रं करते. ती मधोमध रांगेत उभी करते. आणि मग प्रत्येकाची एक प्रत इकडे, एक प्रत तिकडे. मध्ये भिंत घातली की झाली दोन घरं. भावाभावांत इतकी सरळ वाटणी झालेली कुणी पाहिलीय का?"

वर्ग हसला. आवडी हसली नाही. तिच्या अंगावर काटा आला होता. इतकं मोठं काम, तेही न बोलता, न भांडता, आत्ता, या बाकावर बसल्याबसल्या आपल्या कातडीखाली चाललंय? आणि आपण ते कधी पाहिलेलं नाही? तिला त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. जेवताना हाताकडे बघायची, झाडाकडे बघायची, बकरीच्या पिल्लाकडे बघायची आणि मनात म्हणायची, ह्यात पण चाललंय.

अशात सरांनी दुसरी बातमी आणली. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना शिकायला घेणार होते, आणि कॉलेजातून जाणार होती एकच व्यक्ती. निवडायला सुचेता मॅडम स्वतः येणार होत्या, त्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ. अट साधी होती. कांद्याच्या मुळापासून स्वतः स्लाइड बनवायची आणि तिच्यात पेशीविभाजन दाखवायचं.

आवडी घरी जाऊन बापाला म्हणाली, "बा, ही जागा माझी."

तिचा बाप धाऊ कमी बोलणारा. तो विळ्याला दगडावर धार काढत होता. तो "हूं" म्हणाला. ओट्यावर आवडीचा चुलतभाऊ रूपेश बसला होता, तो साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता. तो हसला. "आवडे, तिकडं पॅकिंगला पोरी घेतायत गं. खोकी भरायची, चिकटपट्टी मारायची. बसून काम हाय. तीन आठवड्यांनी नवी भरती हाय, त्या सोमवारपासून ये. ते सोडून कांद्याची मुळं काय बघत बसतीस?"

आवडीचा पारा चढला. आणि पारा चढला की ती नको ते बोलून बसायची, हा तिचा जुना रोग. ती म्हणाली, "ठीक हाय! त्याच्या आदल्या शनिवारी मॅडम येतायत. जागा मिळाली तर मी शिकनार. नाय मिळाली तर सोमवारी तुझ्याबरोबर साजगावला. बोल, झालं?"

"झालं," रूपेश म्हणाला. धाऊने पुन्हा "हूं" केलं. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण परत येत नाही, हे आवडीला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

आता स्लाइड कशी करतात ते ऐका, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. कांद्याला पांढरी मुळं फुटली की सकाळी ती कापायची, कारण सकाळी विभाजन जास्त सापडतं असं सरांचं म्हणणं. कापल्याबरोबर ती एका औषधात टाकायची. त्या औषधाने पेशी जिथल्या तिथे थांबतात; जी दोन होत असेल ती होता होताच थांबते. मग दुसऱ्या दिवशी मूळ आम्लात मऊ करायचं, लाल रंगात बुडवायचं, त्याचा इवलासा तुकडा काचेवर ठेवून वरून पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. लाल रंग गुणसूत्रांना धरतो. सूक्ष्मदर्शकात बघा, दिसलं पाहिजे.

बाकीच्या मुलांनी कांदे कॉलेजातच पाण्याच्या ग्लासावर ठेवले होते. आवडीची जीप यायची उशिरा. म्हणून सरांनी तिला औषधाची छोटी बाटली दिली आणि सांगितलं, "तू घरीच मुळं वाढव, सकाळी कापून यात टाक आणि घेऊन ये."

आवडीने घरी पहिला कांदा ग्लासावर ठेवला, तो बकरीने पाडला. दुसरा पाण्यात कुजला. तेव्हा तिने शहाणपण केलं. पत्र्याच्या जुन्या डब्यात ओली माती भरली आणि कांदे त्यात रोवले. वाडीच्या माणसाने मातीत लावलेलं कधी वाया जात नाही! चार दिवसांत मुळांची दाढी फुटली. सकाळी तिने कांदा उपटला, मुळं साफ केली, पात्याने खालचा भाग कापला, बाटलीत टाकला आणि धावत जीप गाठली.

स्लाइडीत काही नव्हतं.

काही नव्हतं म्हणजे पेशी होत्या. लांबट, शांत, विटांसारख्या ओळीत बसलेल्या. प्रत्येकीत एक गोल केंद्रक. ना धागा, ना रांग, ना वाटणी. जणू पेशीविभाजन ही सरांनी रचलेली गोष्ट होती.

शेजारच्या टेबलावर अबोली होती, तिची मैत्रीण. अबोली कर्जत गावातल्या वकिलांची मुलगी, टापटीप, तिची वहीसुद्धा इस्त्री केल्यासारखी. तिला पहिल्याच फटक्यात तीन अवस्था सापडल्या. "आवडी, तू बघ ना माझी," ती म्हणाली.

"नको," आवडी म्हणाली. "तुझी बघून काय करू? उष्टं नको मला. माझ्या मुळात का नाय, ते सांग."

ते कुणालाच सांगता येईना. सरांनी रंग तपासला, आम्ल तपासलं, कांदा बदलायला सांगितला. आवडी रोज नवी मुळं आणायची आणि रोज त्याच शांत विटा बघायची. चिडून तिने एकही स्लाइड धुतली नाही. अबोलीच्या गुलाबी नेलपॉलिशने काचेच्या कडा बंद केल्या की आतला रंग सुकत नाही, म्हणून ती सगळ्या स्लाइडी तशाच बंद करून एका खोक्यात ठेवायची. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. बहुतेक भांडायला पुरावा असावा म्हणून.

बुधवारी सर हळूच म्हणाले, "आवडी, कधीकधी नाही जमत. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी ती साजगावात खोकी भरत असणार होती. जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

गुरुवारी ती कॉलेजला गेलीच नाही. घरची लावणी होती आणि आईने, कोंडीने, सकाळीच बजावलं होतं, "आज हात पायजेत. तुझा कांदा ऱ्हाऊ दे एक दिवस."

राबात दाट पेरलेलं भाताचं रोप लावणीसाठी उपटायचं होतं. हे काम आवडीचे हात झोपेतही करतील. वाकायचं, रोपं मुळासकट ओढायची, मूठ भरली की पाय उचलून मुळं पायावर फटाफट आपटायची म्हणजे चिखल झडतो, मग मूठ बांधून मागे फेकायची. ओढ, आपट, बांध, फेक. तिचं डोकं साजगावात होतं, हात राबात.

"आगं, जरा जोरात आपट," कोंडी म्हणाली. "माती ऱ्हायली तर मूठ जड व्हती."

"मुळं तुटत्यात की गं आये," आवडी उगाच कुरकुरली.

"टोकंच तुटत्यात ना? तुटू दे. रोपाला नवी मुळं फुटत्यात."

आवडीने पुढची मूठ आपटली. मग पाय खाली टेकायचा, तो तिने टेकलाच नाही. एका पायावर बगळ्यासारखी उभी राहून ती स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. पायाला चिखल चिकटला होता. आणि चिखलात, केसाएवढी बारीक, पांढरी पांढरी टोकं.

तिने कांद्याची मुळं कशी साफ केली होती? रोज, ओट्याच्या कडेला उभं राहून, कांदा मातीतून उपटून? तिच्या हातांनी तिला न विचारता काय केलं होतं?

"आये!" ती किंचाळली. "आये गं! मी टोकं आपटून टाकली!"

"मंग? मीच सांगितलं ना."

"ह्याची नाय, कांद्याची! कांद्याची टोकं! सगळी टोकं तुटली, आन मी वरचं मूळ बाटलीत भरून नेलं! मूळ टोकापाशी वाढतं, आये! नव्या पेशी टोकापाशी व्हत्यात! वरच्या पेशी नुसत्या लांब होऊन बसल्यात, त्या कशाला दोन व्हतील? पुस्तकात लिहिलंय, सरांनी शिकवलंय, मी परीक्षेत चित्र काढून मार्क घेतलेत, आन तरी मी..." ती हसत होती. राबातल्या चिखलात ती अशी नाचली की दोन मुठी पायाखाली गेल्या आणि कोंडीने तिला दोन शिव्या घातल्या. बांधावर मुठी वाहून नेणारा धाऊ डोक्यावरच्या भाऱ्यासकट थांबून बघत राहिला.

"मंग ती टोकं गेली कुठं?" कोंडीने विचारलं.

आवडीने आठवून पाहिलं. ओट्याच्या कडेला, पायाखाली. आणि तिथे रोज सकाळी कोंबड्या टोचत असायच्या. म्हणजे आठवडाभर सगळं पेशीविभाजन कोंबड्यांनी खाल्लं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने डबा ओढ्याकाठी नेला. हात मागे बांधून ठेवावेत असं तिला वाटत होतं, इतकी तिला आपल्या हातांची धास्ती. तिने कांदा उपटला नाही. डबाच पाण्यात बुडवला, माती आपोआप विरघळून जाऊ दिली, आणि मुळं पाण्यात मोकळी तरंगायला लागल्यावर पात्याने अलगद कापली. प्रत्येकाचं टोक निमुळतं, अख्खं, किंचित पिवळसर. तिने ती एकेक करून बाटलीत सोडली.

शनिवारी प्रयोगशाळेत खुर्ची सरकवायला जागा नव्हती. सुचेता मॅडम आल्या होत्या. पांढरे झालेले केस आखूड कापलेले, पायात साध्या चपला, आणि कुणी भाषण करायला लागलं की घड्याळाकडे बघायची सवय. मुलं आपापल्या सूक्ष्मदर्शकापाशी उभी होती. अबोलीची स्लाइड तयार होती, सुरेख होती.

आवडी अजून मूळ रंगात बुडवत होती. या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. मुळाचं टोक गडद लाल झालं, बाकीचं मूळ फिकट राहिलं. तिच्या आधीच्या मुळांना असं गडद टोक कधीच आलं नव्हतं, आणि तिला वाटायचं रंग जुना आहे! तिने ते गडद टोक तेवढं कापून काचेवर घेतलं, वर पातळ काच ठेवली, अंगठा टेकवला आणि दाबला. डोळा लावला.

पेशी लहान होत्या. चौकोनी, दाटीवाटीने भरलेल्या, आणि केंद्रकं केवढाली! तिने काच हळूच सरकवली. एका पेशीत गोळा नव्हता, शेवयांचं भेंडोळं होतं. आणखी सरकवली. तिथे रांग होती. मधोमध, जाड, लाल, आखूड काड्यांची रांग. आणि तिच्या शेजारीच, अगदी भिंतीला भिंत लावून, दुसरी पेशी होती, तिच्यात रांग फुटून अर्धी या टोकाला आणि अर्धी त्या टोकाला निघाली होती आणि मधली वाट मोकळी झाली होती.

"आयला!" आवडी ओरडली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. अजेय सरांचा चेहरा पडला. सुचेता मॅडम मात्र तिच्याकडे सरळ चालत आल्या. "सरक," त्या म्हणाल्या आणि वाकून बघायला लागल्या. बघताना त्यांनी "हं" केलं, पुन्हा "हं" केलं. मग म्हणाल्या, "छान आहे. पण छान स्लाइडी इथे आणखी आहेत. हे खोकं कसलं?"

टेबलावर गुलाबी कडांच्या स्लाइडींचं खोकं होतं. ते झाकायचं राहून गेलं होतं. अबोलीने मागून आवडीला चिमटा काढला, बोलू नकोस म्हणून. पण आवडीला आता कोण थांबवणार?

"त्या बिघडलेल्या आहेत, मॅडम. म्हणजे मी बिघडवल्या. आमच्याकडे भाताचं रोप उपटलं की मुळं पायावर आपटतात. माझ्या हातांना तेच ठाऊक, म्हणून मी कांद्याची पण आपटली आणि टोकं तुटली. मला कळलंच नाही. ही सगळी टोकाच्या वरची मुळं आहेत. कांदे त्याच डब्यातले, औषध तेच, रंग तोच, वेळ पण तीच. फक्त टोक नाही. आणि एकात सुद्धा विभाजन नाही, मॅडम! एकात सुद्धा!" बोलता बोलता तिला स्वतःलाच नवीन काहीतरी दिसायला लागलं होतं आणि तिचा आवाज चढत गेला. "म्हणजे मूळ सगळीकडून वाढत नाही. टोकापाशीच वाढतं. हे मी आता पुस्तकातून नाही सांगत. हे माझ्याकडे आहे!"

सुचेता मॅडमनी खोक्यातली एक स्लाइड घेतली, बघितली. दुसरी घेतली. मग सगळ्याच बघितल्या, एकेक, घाई न करता, आणि या वेळी त्यांनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी टोकाची स्लाइड पुन्हा लावली.

"अजेय," त्या म्हणाल्या, "बाकी मुलांनी मला पेशीविभाजन कसं होतं ते दाखवलं. हिने कुठे होतं आणि कुठे होत नाही ते दाखवलं. याला प्रयोग म्हणतात." मग त्या आवडीकडे वळल्या. "चूक करून ती फेकून देणारे खूप भेटतात. तू चुकीला नेलपॉलिश लावून ठेवलंस. दिवाळीत येशील ना?"

आवडीने मान हलवली, एकदा नाही, चार वेळा. सरांनी टाळी वाजवली, ती इतकी मोठी की बाहेरून गणिताचे सर डोकावले.

अबोलीने आधी आपली वही मिटली. मग म्हणाली, "मला तुझा राग आलाय, आवडी. घरी गेल्यावर मी रडणार आहे. पण आधी ती वाटणीवाली पेशी दाखव मला." दोघींनी एकाच सूक्ष्मदर्शकावर डोकी आपटत ती पाहिली, परत परत पाहिली.

वाडीत फोनला रेंज नसायची, पण शनिवारी धाऊ मीठ-मिरची घ्यायला कशेळ्याला उतरायचा. आवडीने कॉलेजच्या पायऱ्यांवर उभं राहून फोन लावला.

"बा! मिळाली! जागा मला मिळाली! दिवाळीला मुंबईला जायचंय! बा, मला दिसलं, सगळं दिसलं! ऐकतोस ना?"

"हूं," धाऊ म्हणाला. पण हा "हूं" नेहमीचा नव्हता, तो फोनमधून हसत होता.

"आता रूपेशला सांग. आजच सांग. म्हनावं, आवडी सोमवारी येत नाय."

"त्याला काय सांगायचं? त्याला बेस्तरवारीच नाय म्हून सांगितलंय."

आवडीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बेस्तरवारी? आरं बा, तवा तर मला काय बी दिसलं नव्हतं. जागा मिळंल का नाय, कुनाला ठावं व्हतं?"

"नव्हतं ठावं. पन तुला चिखलात नाचताना बघितलं. म्हटलं, जी पोरगी कांद्याच्या मुळापायी येवढी नाचती, ती काय खोक्यांना चिकटपट्टी लावाया जात नाय. जागा मिळू दे, नाय तर नको मिळू दे."

"मग मला का नाय सांगितलंस? दोन दिस माझा जीव टांगलेला व्हता! मी झोपले नाय, बा!"

"म्हून तर नाय सांगितलं," धाऊ म्हणाला. "सांगितलं असतं तर झोपली असतीस."